गिऱ्हाईक नसलेले रंग

मीरा रोडच्या हटकेश भागातल्या त्या कारखान्यात धागा रंगवत. शिलाईचा, भरतकामाचा, लेसचा. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायला लागले. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आम्ही मीरा रोडला मोठ्या घरात राहायला आलो होतो आणि मला घराजवळची नोकरी हवी होती. सासरची मंडळी हसायची. सगळं जग इकडून मुंबईला कामाला जातं आणि ही बाई मुंबईत शिकून हटकेशला जातेय, असं माझे दीर चारचौघांत सांगायचे. मी रिक्षाने दहा मिनिटांत कामावर पोचत होते आणि साडेसहाला घरी चहा पीत होते, त्यामुळे त्यांचं हसणं माझ्या मनाला लागत नव्हतं.

माझ्या ताब्यात दोन मशीन्स होती. एक हटकेशला, रंगघराच्या शेजारच्या काचेच्या खोलीत, आणि दुसरं भाईंदर पश्चिमेच्या ऑफिसात. भाईंदरला गिऱ्हाइकं यायची. कुणी साडीचा तुकडा आणायचं, कुणी जुनी रिळं, आणि हाच रंग पाहिजे म्हणून अडून बसायचं. तिथे बसणारी ऑपरेटर मुलगी आधी मागच्या नोंदीत शोधायची की हा रंग आपण कधी, कुणासाठी केलाय. इकडे रंगघरात त्याच नोंदीवरून रंग तोलायचे, कुठली पूड किती ग्रॅम, पाणी किती गरम, किती वेळ ढवळायचं. म्हणून दोन्ही मशीन्सवर तंतोतंत तोच डेटा लागायचा. हटकेशच्या मशीनवर जो काही बदल होई त्याची एक यादी तयार होत राहायची. दर अर्ध्या तासाने भाईंदरचं मशीन मोडेमवरून इकडे फोन लावायचं, यादी मागून घ्यायचं आणि आपल्याकडे तस्सेच बदल करायचं. इथे नवीन रंग चढला की तिथे चढायचा. इथला गेला की तिथलाही जायचा. मला या व्यवस्थेचा फार अभिमान होता. पाहुण्यांनासुद्धा मी ती समजावून सांगत असे, त्यांना हवं असो वा नसो.

सुरुवातीला एकदा फोनची लाइन मधेच तुटून दोन मशीन्सचे आकडे तीन दिवस जुळेनासे झाले होते. तेव्हापासून मी एक नियम केला. सकाळी भाईंदरचं मशीन सुरू केलं की लगेच लाइन जोडायची नाही. आधी ऑपरेटरने मला फोन करायचा आणि आम्ही दोघींनी आपापला आकडा वाचायचा, एकूण रंग किती. रात्रीत काही बदललं नसेल तर आकडे जुळायचेच. जुळले की मगच तिने लाइन जोडण्याची आज्ञा द्यायची. ही मुलगी उत्तनची, मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती घरातली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान आणि वेळेची फार पक्की. नऊला पाच कमी असताना माझा फोन वाजायचा.

"मॅडम, तुमचे किती?"

"आधी तुझे सांग."

ती आकडा असा ठासून सांगायची की जणू मीच चोरून एखादा रंग घरी नेलाय. मला ती फार आवडायची.

आता मास्तरांविषयी सांगते. रंगघराचे मास्तर काशीगावचे. त्यांच्या घरची भातशेती आणि मिठागरातलं काम होतं. ते सोडून ते तरुणपणी मुंबईच्या एका गिरणीच्या रंगखात्यात शिरले आणि तीस वर्षांनी गावाजवळ कारखाना निघाला तेव्हा परत आले. शाळा फारशी नाही. आकडे यायचे, लिहिण्याचा कंटाळा. सगळे रंग त्यांच्या डोक्यात आणि दोन पत्र्याच्या पेट्यांत. पेट्यांत धाग्याच्या छोट्या छोट्या लड्या होत्या. लडी हातात घेऊन उत्तरेच्या खिडकीपाशी धरली की त्यांच्या तोंडून मापं घडाघड यायची. लडी पाहिल्याशिवाय मात्र एक माप सांगता यायचं नाही.

शेठनी मला नोकरीवर घेतलं ते मुख्यतः या पेट्या रिकाम्या करायला. मास्तरांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा काहीतरी आजार निघाला होता. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. हा तसा नव्हता. आधी निळे रंग जाणार, मग बाकीचे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून दीड वर्ष आम्ही रोज दुपारी दोन तास बसलो. ते खिडकीत उभे राहून सांगायचे, मी टाइप करायचे. निळे आम्ही सगळ्यात आधी उरकले. एकदा एक लडी त्यांनी बराच वेळ धरली आणि म्हणाले, "बाय, यो राखाडी हाय का निला?" मी निळा म्हटलं. त्यांनी लगेच माप सांगितलं आणि पुढची लडी घेतली. मला त्या दिवशी घरी जाताना रडू आलं होतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आमचं भांडण व्हायचं ते फक्त एका रकान्यावरून. प्रत्येक रंगापुढे गिऱ्हाइकाचं नाव लिहायचा रकाना होता. पहिल्या पेटीतल्या कितीतरी रंगांना मास्तर गिऱ्हाईकच सांगेनात.

"कोणासाठी केला होतात हा?"

"कोणासाठी न्हाय. यो माजा हाय."

"मग तुमचं नाव लिहू?"

"मी काय गिऱ्हाईक हाय?"

मी दहा वेळा विचारून दमले आणि रकाना रिकामा सोडला. कुणी मागितले नव्हते ते रंग. गिरणीत दुपारच्या सुट्टीत, इथे संध्याकाळी काम संपल्यावर, त्यांनी आपल्या हौसेने काढलेले होते. ओल्या मिठागराचा रंग होता, पावसाळ्यानंतर वाळलेल्या पेंढ्याचा होता, बोंबील सुकत घातल्यावर तिसऱ्या दिवशी जो येतो तोही होता. साडेतीनशेच्या वर होते ते.

त्यातला एकही कागदावर नव्हता. प्रिंट काढायला शेठची सक्त मनाई होती, कारण कागद कारखान्याबाहेर जातो आणि शेजारचा कारखानदार टपून बसलाय असं त्यांचं मत. ते मत बरोबरही होतं. पेट्यांतल्या लड्या होत्या, पण त्या बघणारे डोळे आता तेवढे उरले नव्हते.

टेप होती. दर शनिवारी मी मशीनमध्ये टेपची कॅसेट घालायचे, हिरवा दिवा लागायचा, कॅसेट घरघरायची, मी रजिस्टरात "बॅकअप ठीक" लिहून सही करायचे. आठ महिने मी अशी सही केली. मग एका शनिवारी सहज वाचून बघावं म्हणून टेप पुन्हा लावली, तर टेपवर काही नाही. एकही रंग नाही. दिवा लागत होता, कॅसेट फिरत होती, लिहिलं मात्र काहीच जात नव्हतं. नवीन ड्राइव्ह हवा म्हणून मी शेठकडे गेले. शेठ गुजराती, जुन्या वळणाचे, माणसाशी गोड आणि यंत्राच्या बाबतीत चिकट. "दिवाळी पछी, बेन," ते म्हणाले, म्हणजे दिवाळीनंतर. "आपल्याकडे दोन कॉम्प्युटर छे ने? एक गेला तर दुसरा छे." मीही विचार केला, खरंच की, दुसरं आहे. दोन मशीन्स म्हणजे दोन प्रती, असं मीच तर पाहुण्यांना सांगत होते.

मग नवरात्र आलं. रंगघरात खंडेनवमीचा रिवाज मास्तरांनी घालून दिलेला होता. त्या दिवशी तराजू, मापं, पिंपं, ढवळायचे दांडे, सगळं घासूनपुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि मग दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. औजाराला वर्षातून एक दिवस सुट्टी. त्या वर्षी मास्तर म्हणाले की आता माजं सगलं रंग त्या कॉम्प्युटरच्या पेटीत हाय, तर तीपन औजारच हाय. शेठना हे पटलं. भाईंदरचं मशीन नवमीच्या सकाळी बंद करून त्याची पूजा झाली. उत्तनच्या मुलीने स्वतः माळ करून घातली, मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि वर पांढरा रुमाल टाकून ठेवला. दसऱ्याला सकाळी नऊ एकवीसच्या मुहूर्तावर शेठ तिथे जाऊन मशीन चालू करणार, एका जुन्या गिऱ्हाइकाला पेढे देणार आणि पहिला रंग काढून दाखवणार, असं ठरलं.

हटकेशच्या मशीनवरून मात्र मी वाद घातला. म्हटलं, हा कोयता नाही बंद करून ठेवायला. मुख्य मशीन आहे, ते चालूच राहायला हवं. खरं सांगायचं तर मला ते सगळं जरा बावळटपणाचं वाटत होतं, आणि माझ्या विषयात मला कुणी शिकवलेलं खपत नसे. शेवटी त्याला माळ घातली पण बंद केलं नाही.  मास्तर तराजू पुसून निघून गेले.

त्या दुपारी कारखाना शांत होता. अशी शांतता मला कधी मिळत नसे. शेठनी आदल्या दिवशी विचारलं होतं की आपल्याकडे खरे रंग किती, मुहूर्ताला गिऱ्हाइकाला आकडा सांगायचाय. खरे म्हणजे माझ्या सुरुवातीच्या चाचण्या सोडून. मी नवीन असताना सिस्टिम तपासायला उगाच खोट्या नोंदी टाकल्या होत्या, शंभर-सव्वाशे असतील. त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. सोपंच काम होतं. मी माळ जरा बाजूला सरकवली आणि आज्ञा दिली, गिऱ्हाइकाचा रकाना रिकामा असेल त्या सगळ्या नोंदी पुसून टाक. स्क्रीनवर आलं की चारशे ऐंशी नोंदी पुसल्या. माझ्या मनात एवढंच आलं की बापरे, मी चाचण्या भरपूरच केल्या होत्या. उरलेला आकडा चिठ्ठीवर लिहून घेतला, पर्समध्ये टाकला आणि लवकर घरी जाऊन श्रीखंडाचा चक्का टांगला.

दसऱ्याच्या सकाळी मी मीरा रोड स्टेशनच्या बाजारात फुलं घ्यायला गेले. मास्तर तिथे झेंडूच्या ढिगापाशी उभे होते. त्यांनाही मुहूर्ताला भाईंदरला जायचं होतं. म्हणाले, चल, संगती जाऊ. आमचा एक जुना खेळ होता. ते कुठलीही वस्तू दाखवायचे आणि मी सांगायचे की हा आपल्याकडचा कुठला रंग. निळ्यांचं कळेनासं झाल्यापासून ते हा खेळ जास्तच खेळायचे.

त्यांनी एक फूल उचललं. "बाय, यो सांग."

"झेंडू नंबर दोन. त्या लेसवाल्यांचा."

"न्हाय. त्यांचा फिका हाय. यो पयल्या पेटीतला. आठ दिस लागले व्हते मना त्याला."

"त्याचं गिऱ्हाईक कोण?" मी सवयीने विचारलं.

"त्याला गिऱ्हाईक न्हाय," ते म्हणाले आणि फुलवाल्याला हिंदीत अर्धा किलो तोलायला सांगितलं.

 फुलवाला तोलत होता आणि मी चारशे ऐंशीतून सव्वाशे वजा करत होते. वजाबाकी पुन्हा केली. तेच आलं. घड्याळात आठ पन्नास झाले होते.

कारखान्याला कुलूप होतं आणि किल्ली शेठच्या खिशात. शेठ भाईंदरच्या वाटेवर. तिथलं मशीन अजून झाकलेलं होतं, त्यात सगळे रंग होते. ते सुरू होऊन लाइन जोडली गेली की ते हटकेशला यादी मागणार, आणि काल दुपारपासून त्या यादीत एकच गोष्ट त्याची वाट बघत होती, रकाना रिकामा असेल त्या सगळ्या नोंदी पूस. ते मुकाट्याने पुसणार. तेवढ्यासाठीच मी ते बसवलं होतं.

मी पीसीओत शिरले. भाईंदरचा फोन नुसता वाजत राहिला, ऑफिस उघडलं नव्हतं. मास्तरांना हाताला धरून रिक्षात घातलं. त्यांना काही कळेना, पिशवीतली फुलं चुरडताहेत म्हणून ते सांगत होते. रिक्षा सुरू झाल्यावर मी सगळं सांगून टाकलं. काय केलं, कसं केलं, टेप कोरी आहे, आणि भाईंदरचं मशीन सुरू झालं तर काय होणार. 

मास्तर बाहेर मिठागरांकडे बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "काल हात लावलास?"

"लावला."

त्यांनी मान हलवली. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पण तुम्ही पुन्हा सांगाल ना?" मी म्हटलं. "निळे सोडून बाकीचे? मी टाइप करीन. रविवारीसुद्धा येईन."

त्यांनी पिशवीतून एक फूल काढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि सुरुवात केली. पिवळा एवढा, नारिंगी एवढा. मग थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबले. आणि मग चक्क हसले.

"तुला सांगितला आन मंग माज्याकडशी गेला," ते म्हणाले. "मना वाटला, आता तुज्याकडं हाय. मी कशाला धरून ठेवू?"

मला तेव्हा समजलं की आम्ही दीड वर्ष प्रत काढतच नव्हतो. रंग एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवत होतो. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याची मला लाज वाटली नाही.

भाईंदर पूर्वेला उतरल्यावर पुन्हा पीसीओ. आता फोन एंगेज. ऑफिसला एकच लाइन होती, फोनला आणि मोडेमला मिळून. एंगेज म्हणजे एकतर कुणीतरी बोलतंय, नाहीतर मशीन बोलतंय. नऊ एकवीस होऊन गेले होते. रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या मास्तरांना झेपेनात. तिसऱ्या पायरीवर त्यांनी माझा हात सोडला.

"तू जा फुडं. मी येतंय."

मी पदर खोचला आणि धावले. लग्नानंतर मी रस्त्यातून धावल्याचं ते एकच उदाहरण असावं.

ऑफिसात शेठ, त्यांचं ते जुनं गिऱ्हाईक आणि पेढ्यांचा बॉक्स. मशीन चालू झालेलं होतं. उत्तनची मुलगी फोनचा रिसीव्हर कानाला घट्ट धरून बसली होती आणि शेठ तिच्यावर वैतागले होते. ती माझा आकडा घ्यायला हटकेशला फोन लावत होती. तिकडे मी नव्हते, मोडेम होता. तो फोन उचलून शीळ घालत होता. लाइन खराब असेल म्हणून ती पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होती. दसरा असो, मुहूर्त असो, आकडा जुळल्याशिवाय लाइन जोडायची नाही.

"अरे बेन, मुहूर्त निघून चाललाय, लाइन जोड ने," शेठ म्हणत होते.

"मॅडमला विचारल्याबिगर न्हाय, शेठ."

शेठचा धीर सुटला. त्यांनी तिच्या हातातून रिसीव्हर घेऊन खाली ठेवला आणि लाइन जोडायची जी कळ ते रोज तिला दाबताना बघत होते ती स्वतः दाबली. मोडेमने नंबर फिरवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन आवाज मी ऐकले. मी टेबलाखाली वाकले आणि भिंतीतली फोनची वायर उपटून काढली. खोबणीसकट आली. चुन्याचा एक पोपडा पेढ्यांवर पडला.

"बेन, आ शुं कर्युं?" शेठ म्हणाले. मुहूर्ताला वायर तोडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असेल.

मी उभी राहिले आणि वायर हातात धरूनच म्हणाले, "शेठ, काल मी हटकेशला मास्तरांचे सगळे रंग पुसले. माझी चूक आहे. इथले अजून शाबूत आहेत. ही वायर पुन्हा लावली तर हेही जातील."

 शेठना गिऱ्हाइकाची आठवण झाली. वळून त्यांनी हसतमुखाने त्याला सांगितलं की आज शुभ दिवस आहे, कॉम्प्युटरला फोन नको, आरामात चालू द्या. चुना झटकून एक पेढा त्याच्या हातावर ठेवला. व्यापारी माणूस मला त्या क्षणी फार थोर वाटला.

इतक्यात मास्तर दारात आले. धाप लागली होती, पिशवीतून झेंडू सांडत होते. स्क्रीनकडे तोंड करून म्हणाले, "हाय?"

मी उत्तनच्या मुलीला पहिल्या पेटीतला झेंडू काढायला सांगितला. तिने काढला आणि तिच्या त्या ठासून बोलण्याच्या आवाजात मापं वाचली. पिवळा, नारिंगी, आणि मास्तर रिक्षात जिथे अडकले होते तिथे चिमूटभर तपकिरी. मास्तर खुर्चीत बसले.

"हाय," ते म्हणाले.

त्या दुपारी शेठनी हटकेशचं कुलूप स्वतः उघडून दिलं. भाईंदरहून मी सगळा डेटा फ्लॉप्यांवर उतरवून आणला होता, प्रत्येक फ्लॉपी दोनदा, डब्याच्या पिशवीतून. आधी यादीतून ती पुसण्याची आज्ञा काढली, मग रंग परत चढवले, मग भाईंदरला फोन करून आकडे वाचले. तिने आधी वाचला, मग मी. जुळला. ती म्हणाली, मॅडम, आता वायर लावू का? मी म्हटलं, लाव. लाइन जोडली गेली, मोडेमची शीळ आली, अर्ध्या मिनिटाने थांबली. मी पुन्हा मोजलं. एकही रंग कमी झाला नव्हता. घरी श्रीखंड व्हायला संध्याकाळ झाली.

रंगांबरोबर माझ्या खोट्या नोंदीही परत आल्या होत्या. त्या मी पुढच्या आठवड्यात एकेक करून काढल्या, मास्तरांना शेजारी बसवून, प्रत्येक मोठ्याने वाचून. आणि त्यांच्या रंगांपुढचा तो रकाना मी भरला. या वेळी विचारलं नाही. सगळ्यांपुढे त्यांचं नाव घातलं. एका आज्ञेत झालं असतं. मी हाताने टाइप केलं.

"काय लिवलास?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाव."

त्यांनी हातातल्या तराजूची साखळी सारखी केली. "मंग भायंदरला गेला का?"

"गेलं."

"आन तिसरीकडं?"

तिसरीकडे अजून नव्हतं. पण शेठनी दिवाळीची वाट बघितली नाही, आठवड्याच्या आत नवीन टेप ड्राइव्ह आला. तेव्हापासून दर शनिवारी मी टेप लिहून झाली की ती पुन्हा लावून तिच्यातून पहिल्या पेटीतला कुठलाही एक रंग बाहेर काढायचे आणि स्क्रीनवरच्याशी ताडून बघायचे. दर खंडेनवमीला मशीन बंद करायचे, दोन्ही ठिकाणचं. लोकांना मी त्याची तांत्रिक कारणं सांगत असे.

मास्तर वर्षभराने निवृत्त झाले. तोवर पिवळेही गेले होते. मग मी शनिवारी त्यांच्या काशीगावच्या घराशेजारच्या दुकानात फोन करायचे, कुणीतरी त्यांना बोलावून आणायचं आणि मी टेपवरून निघालेला रंग वाचून दाखवायचे. पिवळा एवढा, नारिंगी एवढा, तपकिरी चिमूटभर. ते शेवटपर्यंत नीट ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय." त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही. मग मी रजिस्टर पुढे ओढून "बॅकअप ठीक" लिहायचे आणि खाली सही करायचे.